सात नंबरचा ड्रायर

१

मंगळवारी सकाळी सात नंबरचा ड्रायर तापेना, तेव्हा सुजीतला खरं सांगायचं तर बरंच वाटलं. मशीन बिघडलं की त्याला कारण असतं. ते शोधायचं, पार्ट बदलायचा, खलास. गेला सव्वा महिना तो एका माणसाबद्दलचे मेल लिहीत होता, आणि माणसाच्या बाबतीत कारण शोधायला गेलं की बोट फिरून आपल्याकडेच येतं, हा अनुभव त्याला नुकताच आला होता. त्यापेक्षा हे बरं. हातात पाना घ्यावा, ग्रीसने हात बरबटावेत आणि दुपारी डबा उघडून बसावं.

रास अल खोरच्या शेडमधली ही लाँड्री मोठी होती. हॉटेलांच्या चादरी, हॉस्पिटलचे गाउन आणि बांधकामावरच्या कामगारांचे निळे युनिफॉर्म रोज गाड्या भरभरून येत. भिंतीला लागून गॅसवर चालणारे आठ ड्रायर होते, एकेक एवढा की आत माणूस वाकून उभा राहील, आणि पुढे गोल काचेचं दार. सुजीत तिथला मेंटेनन्स मॅनेजर. चिंचवडहून आला तेव्हा एकतीसचा होता. आता अठ्ठेचाळीस पूर्ण, अल कुसैसला दोन बेडरूमचा फ्लॅट, मुलगी दहावीत.

"साब, सेवन नंबर में फायर नहीं आता," मधू म्हणाला. मधू पालक्काडचा, ड्रायरवरचा सगळ्यात जुना ऑपरेटर. "ड्रम घूमता है, हवा आता है. फायर नहीं."

सुजीतने पॅनेलला कान लावला. धडधाकट ड्रायरचे आवाज ठरलेले असतात. आधी पंखा घुमतो, मग ठिणगीची टिकटिक, मग गॅसचा व्हॉल्व्ह उघडल्याचा 'टक्' आणि लगेच 'भप्प' करून जाळ. सात नंबरची टिकटिक नीट ऐकू आली. 'टक्' आलाच नाही, मग 'भप्प' कुठून येणार? लाल दिवा लागला आणि ड्रम आपला थंडपणे फिरत राहिला.

त्याने क्रमाने सगळं पाहिलं. गॅसचा दाब बरोबर होता, कारण शेजारचे सहा आणि आठ त्याच पाइपवर धडधडत होते. हवा बाहेर टाकणाऱ्या नळीत कपड्यांची पिंज साचली की हवा अडते, पण नळी साफ होती. ठिणगी पडत होती. राहता राहिली व्हॉल्व्हची कॉइल. ती जळली की गॅस पुढे सरकतच नाही.

"कॉइल गया," तो म्हणाला. "तीनसौ चालीस दिरहम. इंडिया का आठ हजार समझ. कल आएगा, इन्शाल्ला."

"अंदर का लोड निकालता मैं," म्हणत मधूने दार उघडलं, युनिफॉर्मच्या ढिगात हात घातला आणि तसाच थांबला. "साब, यह गरम है."

२

सुजीतने हात लावला. कपडे ओले होते आणि कोमट होते. जाळ पेटलेला नसताना ओले कपडे वाऱ्यावर फिरले की गार पडायला हवेत, माठ गार पडतो तसे. हे कुणीतरी दिवसभर घालून आत्ताच अंगातून काढल्यासारखे लागत होते.

कमरेची टेम्परेचर गन त्याने काढली. बेअरिंग आणि पाइप किती तापलेत ते लांबून बघायची ती गन. घोडा दाबला की लाल ठिपका पडतो आणि मागे आकडा उमटतो. त्याने डोक्यावर सरकवलेली चाळिशी नाकावर ओढली आणि आकडा वाचला. अडतीस पॉइंट एक. घड्याळात साडेअकरा. एका जुन्या डिलिव्हरी नोटच्या पाठीवर त्याने वेळ आणि आकडा लिहून ठेवला. ही त्याची शिस्त होती, आणि तिचा त्याला अभिमानही होता.

"धुलाई गरम पानी में हुआ होगा," तो म्हणाला.

"यूनिफॉर्म ठंडे पानी में होता है, साब."

"शेडमध्येच छत्तीस आहे. बाजूला दोन भट्ट्या पेटल्यात." हे तो मराठीत बोलला आणि मग त्याला जाणवलं की शेडमध्ये आता मराठी समजणारं कुणी उरलेलं नाही.

लोड परत आत टाकून त्याने ड्रम नुसता फिरवून पाहिला. सव्वाबाराला अडतीस पॉइंट सहा. एकाला एकोणचाळीस पॉइंट दोन. जाळ एकदाही पेटला नव्हता. आकडा चढतोय म्हणजे कुठूनतरी उष्णता येते आहे, शेजारच्या भिंतीतून झिरपत असेल, अशी त्याने मनाची समजूत घातली. एक गोष्ट मात्र त्या समजुतीत बसेना. ओल्या कपड्यांच्या ढिगात वरचा भाग वेगळा, पोटातला वेगळा, कडेचा वेगळा तापतो. इथे त्याने गन बाहीवर रोखली, कॉलरवर रोखली, तळाच्या पँटवर रोखली, कुठेही रोखली तरी आकडा तोच. गन बिघडली म्हणावं तर शेजारच्या पाइपवर ती बरोबर दाखवत होती.

दीडला त्याने मशीन बंद केलं. लोड तसाच आत राहिला.

३

सव्वा महिन्यापूर्वी याच सात नंबरच्या मागे यूनुसचा जीव गेला होता. ड्रायरच्या रांगेमागे हातभर रुंदीची वाट आहे, मेंटेनन्ससाठी ठेवलेली. त्या दिवशी चार वाजून वीस मिनिटांनी मधू तिकडे पिंज काढायला गेला आणि युनिफॉर्मच्या गाठोड्याला टेकून बसलेला यूनुस त्याला सापडला.

यूनुस मालेगावचा. नऊ वर्षं ड्रायरचा टेक्निशियन. शेडमधल्या शंभर माणसांत मराठी बोलणारे दोघंच, त्यामुळे जनरल मॅनेजरला त्याच्यासमोर उभं राहून शिव्या घालायची सोय होती. "साहेब, हा टकल्या आज परत उगवला बघा," असं यूनुस हसतमुखाने म्हणायचा आणि जनरल मॅनेजर मान डोलवायचा. परमुलखात एवढी चैन पुष्कळ झाली.

त्याच्याबद्दलचा रिपोर्ट सुजीतने लिहिला. 'कामावर असताना अचानक कोसळला. प्रकृतीची कोणतीही तक्रार त्याने केली नव्हती.' दोन वाक्यं. डॉक्टरांनी हृदय बंद पडल्याचं लिहिलं, तेही खोटं नव्हतं, शेवटी सगळ्यांचंच ते बंद पडतं. कंपनीने हळहळ व्यक्त केली, विमानाने पेटी पाठवली आणि ड्रायरमागे एक नवा पंखा बसवला. उन्हाळ्यात भर दुपारी उघड्यावर काम करवून घ्यायला इथे बंदी आहे. शेडला छप्पर आहे, त्यामुळे शेडमध्ये काम चालू राहतं.

सगळं त्या 'अचानक'वर उभं होतं. तो शब्द टिकला तर सुजीत टिकणार होता, त्याची नोकरी, व्हिसा, मुलीची दहावी, सगळंच. आणि तो टिकायला अडचण काही नव्हती. मालेगावहून यूनुसच्या बायकोचे, नबिलाचे, तीन व्हॉइस मेसेज आले होते तेवढे सोडले तर. सुजीतने ते ऐकले नव्हते. तिन्हींच्या खाली हात जोडल्याचं चित्र टाकलं होतं.

४

"कुणाला ताप आलाय?" आभाने विचारलं.

संध्याकाळी मशीनला कपडे लावताना नवऱ्याचे खिसे तपासायची तिची सवय होती. एकदा पासपोर्ट धुतला गेला होता तेव्हापासूनची. तिच्या हातात डिलिव्हरी नोटचा तो तुकडा होता.

"साडेअकरा, अडतीस एक. सव्वाबारा, अडतीस सहा. एक वाजता एकोणचाळीस दोन. सुजीत, हा वाढतच चाललाय. आणि नंतर काही लिहिलंच नाहीस. दिलं का काही औषध?"

"ड्रायरचे रीडिंग आहेत ते."

अस्मीने आईच्या खांद्यावरून डोकावून पाहिलं. "बाबा, दॅट्स एक्झॅक्टली लाइक माय डेंग्यू चार्ट. द वन ऑन द फ्रिज."

तिचं खरं होतं. अस्मी सात वर्षांची असताना सहा रात्री सुजीत तिच्या उशाशी बसला होता. तासातासाला थर्मामीटर लावायचा आणि असाच कागद, अशीच डाव्या बाजूला वेळ, उजव्या बाजूला आकडा. अडतीस पाचच्या वर गेला की आभाला हाक मारायचा आणि एकोणचाळीसला गाडी काढायचा. त्या वेळी ऑफिसला चक्क खोटं सांगून त्याने घरी राहणं पसंत केलं होतं. तो कागद आभाने अजून फाइलमध्ये ठेवला आहे.

"ड्रायर कसला एकोणचाळीसवर?" आभा म्हणाली. "तुझे ड्रायर तर सत्तर-ऐंशीवर असतात ना?"

"म्हणूनच बिघडलाय."

तिने कागद परत दिला. मग भांडी आवरता आवरता म्हणाली, "नबिलाने मला मेसेज केला होता. उद्या चाळिसावा आहे यूनुसचा. तू फोन उचलत नाहीस म्हणाली. उचल रे एकदा. तिला काय, दोन शब्द ऐकायचे असतील."

"उचलतो."

"तुझ्यावर फार जीव होता त्याचा," आभा म्हणाली. ती तिच्या परीने धीरच देत होती. सुजीतला जेवण गेलं नाही.

५

बुधवारी दुपारी कॉइल आली. सुजीतने ती स्वतः बसवली. पण पेटवून बघायच्या आधी त्याला कालच्या उष्णतेचा छडा लावायचा होता. त्याने गॅसचा पिवळा कॉक पूर्ण बंद केला आणि ठिणगीची वायर उपटून बाजूला टांगली. कालचा लोड काढून थंड पाण्यात परत खंगाळून आणायला लावला. आता या मशीनमध्ये तापेल असं काहीही नव्हतं, आणि दोन वाजता गनने एकोणचाळीस पॉइंट नऊ दाखवलं.

"मधू, जरा निकालो लोड."

मधू हलला नाही. "मैं नहीं निकालेगा, साब. आप मारो, मेमो दो, मैं नहीं निकालेगा. यह कपड़ा बीमार है."

"पागल हो क्या? कपड़ा बीमार होता है?"

"उस दिन मैंने उसको उठाया था न, साब," मधू शांतपणे म्हणाला. "बगल में हाथ डाल के. ऐसा ही था."

आणि तो रांगेच्या दुसऱ्या टोकाला, एक नंबरकडे निघून गेला. सुजीतला संताप आला. सतरा वर्षं यांच्या अंधश्रद्धांशी डोकं फोडायचं, कुणी लिंबू टांगतो, कुणी ताईत बांधतो. त्याने तावातावाने मेन ब्रेकरच खाली ओढला. पंखा थांबला, ड्रम दोन हेलकावे घेऊन थांबला, पॅनेलचे दिवे विझले. मशीन म्हणजे आता नुसता पत्रा. अर्धा तास असंच ठेवू, गार पडेल आणि प्रश्न मिटेल.

स्टूल ओढून तो काचेसमोर बसला, आणि बसल्यावर ज्याचा विचार करायचा नव्हता तोच आला.

त्या दिवशीही साडेअकरा वाजले होते. यूनुस पाना हातात घेऊन आला आणि म्हणाला, "साहेब, अंग कसकसतंय. डोकं फार दुखतंय. रूमवर जाऊ का?" हॉटेलचा लोड चारला निघायचा होता आणि तीन ड्रायर बंद होते. प्रथमोपचाराच्या डब्यातल्या थर्मामीटरचा सेल संपलेला होता. सुजीतने कमरेची गन काढून यूनुसच्या कपाळाला रोखली आणि म्हणाला, "नॉर्मल आहे. पाणी पी आणि जा." एक वाजता यूनुस परत आला. तेव्हा गन काढायचेही कष्ट सुजीतने घेतले नाहीत. "चारला माझ्या गाडीतून सोडतो," एवढं म्हणाला. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही हे तो लहानपणापासून ऐकत आला होता. पण या देशात आल्यापासून त्याने अनेक कोंबडी झाकली होती आणि प्रत्येक वेळी काही दिवस तरी अंधार टिकला होता.

दोन चाळीसला, बंद मशीनमध्ये, चाळीस पॉइंट चार. त्याने तेही कागदावर लिहिलं.

६

तीन वाजून पाच मिनिटांनी फोन वाजला. नबिला. तो बंद करणार होता. पण समोरच्या काचेकडे बघत बसण्यापेक्षा कुणाचातरी आवाज बरा, असं वाटून त्याने उचलला.

"सलाम साहेब. मी यूनुसची मिसेस बोलते," ती म्हणाली. तिचं मराठी त्याच्या अपेक्षेपेक्षा पुष्कळ स्वच्छ होतं. "तुमचा जास्त वेळ घेत नाही. आज चाळिसावा आहे, घरात माणसं जमलीत. सगळे विचारतात काय झालं होतं. मला एकच विचारायचं होतं."

"वहिनी, ते अचानक झालं हो. आम्हाला कुणालाच—"

"ते पत्रात वाचलं मी. तसं नाही, साहेब. त्यांनी मला तिकडच्या दोन वाजता फोन केला होता. म्हणाले, बरं वाटत नाही, पण साहेबांनी मशीन लावून ताप बघितलाय, नॉर्मल आहे म्हणाले. मग मी पण म्हटलं, साहेबांनी बघितलंय तर काळजी नाही. नॉर्मल म्हणजे किती होता?"

सुजीतने हातातली गन मांडीवर पालथी ठेवली.

"मी अंगणवाडीत काम करते, साहेब. पोरांची वजनं, ताप, सगळं तारीखवेळ घालून लिहायला लागतं. 'नॉर्मल' असं आमच्या रजिस्टरात चालत नाही. आकडा लागतो. तेवढा सांगितलात तर माझ्या जिवाला बरं वाटेल."

सदतीस म्हणाला असता तर संपलं असतं. सदतीस हा कुणालाही न दुखावणारा आकडा आहे. तिने तो लिहून घेतला असता, आलेल्या माणसांना सांगितला असता, आणि 'अचानक' पक्कं झालं असतं. शब्द ओठांवर आला आणि तिथेच अडकला, कारण त्याला खरी गोष्ट आठवली. ती त्याने आभाला सांगितली नव्हती, मेलमध्ये लिहिली नव्हती, स्वतःशीसुद्धा नीट उच्चारली नव्हती. त्या दिवशी त्याने गन रोखली खरी, घोडाही दाबला, पण चाळिशी ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये होती. आकडा त्याला दिसलाच नव्हता. एक पुसट करडा डाग दिसला, आणि चाळिशी आणायला ऑफिसपर्यंत जायचा कंटाळा आला. यूनुसला किती ताप होता हे जगात कुणालाच माहीत नव्हतं.

हे या बाईला सांगायचं? की बघितलंच नाही? त्याला भयंकर लाज वाटली. इतकी, की गुन्हा परवडला असं वाटलं.

"साहेब, आहात ना?"

त्याने खिशातून कागद काढला. "साडेअकराला," तो म्हणाला, "अडतीस पॉइंट एक."

पलीकडे पेनाचा आवाज आला. आपण काय केलं हे त्याला त्या आवाजाने कळलं. तक्रार नव्हती असं रिपोर्टात होतं, आणि आता तिच्या वहीत वेळेसकट तक्रार होती.

"अडतीस पॉइंट एकला मी पोराला घरी पाठवते, साहेब," नबिला म्हणाली. आवाज चढला नव्हता. "मग?"

"सव्वाबाराला अडतीस सहा. एक वाजता एकोणचाळीस दोन."

"आणि दोनला? मला फोन केला तेव्हा त्यांचे दात वाजत होते."

"एकोणचाळीस नऊ."

"बरोबर," ती म्हणाली. लिहून झाल्यावर तिने एक मोठा श्वास घेतला. "इतक्या वेळा मोजलंत तुम्ही. म्हणजे काळजी होती तुम्हाला."

ती टोमणा मारत होती की खरंच तसं म्हणत होती, ते त्याला शेवटपर्यंत समजलं नाही.

"दोन चाळीसला चाळीस पॉइंट चार," त्याने सांगून टाकलं. कागद संपला.

"आणि तीनला?"

७

तीनला काय झालं ते सुजीतला पाठ होतं. सव्वातीनला तो यूनुसला शोधत ड्रायरच्या मागे गेला. गाठोड्याला टेकून यूनुस बसला होता, मान एका बाजूला, तोंड उघडं, छाती भराभर वरखाली होत होती. घाम अजिबात नव्हता. एवढ्या उकाड्यात घाम नाही हे त्याला दिसलंही होतं. पण मनात आलं ते एवढंच, की झोपलाय लेकाचा. जागं केलं तर परत रूमवर जातो म्हणणार. तो उलट्या पावली फिरला आणि तिथल्या वाटेतला दिवाही जाता जाता बंद केला, वीज कशाला जाळा म्हणून. त्यानंतर तासाभराने मधू गेला.

"साहेब, तीनला?"

"थांबा, वहिनी," तो म्हणाला. "बघून सांगतो."

असं का म्हणालो, ते त्याचं त्यालाच समजेना. काय बघून सांगणार होता तो? पण त्याने मान वर केली तेव्हा समोरची काच आतून धुरकटलेली दिसली.

बाष्प धरलंय. गरम ओले कपडे बंद ड्रममध्ये तासभर पडले तर काचेवर बाष्प धरायचंच, यात नवल काही नाही. त्याने ते स्वतःला दोनदा समजावलं. पण बाष्प सगळ्या काचेवर नव्हतं. काचेच्या खालच्या अर्ध्या भागात, बसलेल्या माणसाचं तोंड येईल एवढ्या उंचीवर, वीतभर रुंद ठिपका होता. तो मोठा होत होता आणि लहान होत होता. मोठा, लहान. भराभर. सुजीतने त्याच्या ओघात स्वतःचा श्वास कोंडून धरला आणि ठिपका तरीही चालूच राहिला.

ब्रेकर खालीच होता. त्याने मान वळवून खात्री केली. रांगेच्या टोकाला मधू पाठ करून चादरींच्या घड्या घालत होता, सहा आणि आठ नंबर धडधडत होते, बाहेर कुणाचातरी ट्रक मागे घेताना पीं पीं करत होता. दुपारचा लख्ख उजेड होता. उठून जाता आलं असतं. त्याला कुणी धरून ठेवलं नव्हतं, त्या दिवशीही नव्हतं.

त्याने फोन कानाशी खांद्याने दाबून धरला, चाळिशी नीट नाकावर बसवली आणि गन उचलली. लाल ठिपका काचेवर पडला, बाष्पाच्या थोडा वर. काचेआड निळ्या कपड्यांचा ढीग होता, बाह्या, कॉलर, पँटचे पाय, सगळे एकमेकांत गुंतलेले. त्या ढिगात काहीतरी होतं, ज्याच्यावर ठिपका जाऊन थांबला. उजेड डोळ्यांत गेल्यावर आजारी माणूस करतो तसं ते हळूच मिटलं.

सुजीतने गन खाली घेतली नाही. आकडा उमटला तेव्हा तो स्पष्ट, काळ्या ठसठशीत अक्षरात होता आणि त्याला तो व्यवस्थित वाचता आला.

"चाळीस पॉइंट नऊ," तो म्हणाला. "तीन वाजून पंधरा मिनिटं."

पेन चाललं. पलीकडे घरातल्या बायकांचं बोलणं, कुणाचंतरी तान्हं रडणं, आणि मग नबिलाने दार लोटून घेतल्याचा आवाज आला.

"तेव्हा तुम्ही त्यांच्याजवळ होतात?"

"हो."

"ते काही म्हणाले?"

"नाही. मीच काही बोललो नाही."

तिला रडू येईल, ती शिव्या देईल, फोन आपटेल, असं त्याला वाटलं. तिने यातलं काही करावं अशी तो मनोमन प्रार्थना करत होता. काचेवरचा ठिपका आता फार भराभर लहानमोठा होत होता आणि गनच्या पाठीवर आकडा सरकून एकेचाळीस झाला होता.

"मी वही घेऊन बसलेय, साहेब," नबिला म्हणाली. "फोन चार्जिंगला आहे. तुम्ही सांगत जा, मी लिहिते. ते सापडले तोपर्यंतचं सगळं सांगा."

सुजीतने घड्याळात पाहिलं. तीन सतरा. चार वीस व्हायला अजून एक तास आणि तीन मिनिटं होती.